होम

सोलापुरात ‘होम मैदान’ हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी असते. परंतु फारसीतून आलेल्या ‘मैदाना’च्या शेजारी उभा असलेला ‘होम’ हा शब्द किती प्राचीन आहे, याचा विचार क्वचितच होतो. ‘हु’ म्हणजे अग्नीत अर्पण करणे, या संस्कृत धातूपासून तो सिद्ध झाला. हवन, हवि, आहुती, होता हे सारे त्याचेच गणगोत. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात हा होम यज्ञमंडपातून देहात उतरला आणि छाती ही वेदी, हृदय हा गार्हपत्य अग्नी, मुख हा आहवनीय अग्नी अशी योजना होऊन भोजनाचे पहिले पाच घास प्राण, व्यान, अपान, समान व उदान यांच्या आहुती ठरले. जुन्या वळणाच्या घरांतून प्राणाहुती घेण्याचा शिरस्ता आजही आहे, तो याच विचारातून.

सोलापूरच्या होम मैदानाचे नाव मात्र एका कथेशी जोडलेले आहे. बाराव्या शतकातील सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी, विवाहाची याचना करणाऱ्या कुंभारकन्येला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली व पुढे तिने अग्निप्रवेश केला, अशी कथा आहे. सिद्धरामेश्वरांच्या, ‘गड्डा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यात्रेत भोगीला संमती कट्ट्यावर या विवाहाच्या अक्षता पडतात आणि संक्रांतीच्या सायंकाळी सात नंदीध्वजांच्या साक्षीने, कुंभारकन्येचे प्रतीक म्हणून बाजरीच्या पेंढीला वस्त्रालंकार चढवून, होम मैदानावर होमप्रदीपन होते. कन्यादहनाचा गौरव मला मुळीच रुचत नाही. मात्र योगदंडात मेरुदंड आणि ज्वाळेत, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात वर्णिलेली कुंडलिनी पाहिली, तर ही कथा योग्याच्या अंतर्यागाची ठरते, आणि मी ती तशीच वाचतो.