इलेक्ट्रिक गिटारची घोडी आणि सुरांचे स्थैर्य

तंबोऱ्याची घोडी वाद्य वाजत असताना जागची हलत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या अनेक नमुन्यांत मात्र ती मुद्दामच हलती ठेवलेली असते. वाद्य सुरात राहत नाही, या तक्रारीचे खापर त्यामुळे सहसा तिच्यावर फुटते. या रचनेचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार. तिच्या घोडीला जोडलेली दांडी दाबली की सहाही तारांचा ताण कमी होऊन सूर खाली येतो, आणि दांडी सोडली की तो पूर्ववत व्हावा अशी अपेक्षा असते. या यंत्रणेला फेंडर यांनी 'ट्रेमोलो' हे नाव दिले. वास्तविक ट्रेमोलो हा आवाजाच्या तीव्रतेतील कंप होय. स्वराच्या उंचीतील कंपाला व्हायब्रेटो म्हणतात. चुकीचे नाव मात्र कायमचे रूढ झाले.

ही घोडी म्हणजे एक तराजूच होय. एका बाजूने तारा ओढतात. नेहमीच्या १० गेजच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४५ किलो भरतो. दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीमागील पोकळीतल्या तीन ते पाच स्प्रिंग ओढतात. घोडी तरंगती ठेवली असेल, तर एक तार चढवताच उरलेल्या पाच किंचित उतरतात आणि एखादी तुटली तर बाकीच्या चढतात. नवख्या वादकाला हा दोष वाटतो. तो यंत्रणेचा स्वभाव आहे.

खरा दोष घर्षणाचा असतो, आणि तो पुष्कळदा घोडीत नसतोच. दांडी दाबल्यावर तार सैल पडते आणि नटच्या खाचेतून थोडी खुंटीकडे सरकते. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल, तर दांडी सोडल्यावर तार पूर्णपणे माघारी येत नाही आणि सूर चढलेला राहतो. एखादीच तार अशी वागत असेल आणि खुंटी फिरवताना 'टिक्' असा आवाज येत असेल, तर प्रथम नटकडे पाहावे. खाच नीट घासून तीत मऊ पेन्सिलीचे ग्राफाइट भरणे, हा बिनखर्चाचा उपाय अनेकदा पुरतो. सहाही तारा मिळून सरकत असतील, तर मात्र घोडीची आस तपासणे आले. जुन्या धर्तीची घोडी सहा स्क्रूंवर टेकलेली असते. ते सर्व घट्ट आवळल्यास ती मोकळेपणी झुलत नाही. म्हणून अनेक कारागीर केवळ कडेच्या दोन स्क्रूंवर भार ठेवून मधले चार किंचित सैल सोडतात.

दांडी वापरायचीच नसेल, तर घोडी बदलण्यात अर्थ नाही. एरिक क्लॅप्टन यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा ठोकून घोडी अचल करून टाकली. जेफ बेक यांना दांडीवाचून चालत नसे. त्यांनी नटच्या जागी फिरती चाके असलेला नट बसवून घेतला.

सर्वांत मूलगामी उपाय फ्लॉइड रोझ या अमेरिकी वादकाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधला. त्याचे पेटंट १९७९ चे. यात तारा नटपाशी आणि घोडीपाशी अशा दोन्ही टोकांना आवळून बंद केल्या जातात आणि घोडी पोलादी धारेवर झुलते. तार सरकायला वावच उरत नाही. मात्र नट बंद झाल्यावर खुंट्या निरुपयोगी ठरतात, म्हणून सूर जुळवण्यासाठी घोडीवर बारीक स्क्रू पुढे द्यावे लागले. तार बदलणे हेही षट्कोनी चावीचे सावकाश काम होऊन बसते.

त्याहून गंभीर प्रश्न लाकडाचा आहे. जुन्या घोडीच्या कडेच्या स्क्रूंमधील अंतर सुमारे ५६ मिलिमीटर, तर फ्लॉइड रोझच्या दोन खिळांमधील अंतर सुमारे ७४ मिलिमीटर असते. म्हणजे नवी छिद्रे पाडणे, पोकळी रुंद करणे आणि बहुधा नटखालची मान तासणे भाग पडते. हे काम परत फिरवता येत नाही, आणि जुन्या वाद्याची किंमत त्याने निश्चितच घटते. त्यामानाने जुन्याच छिद्रांत बसणारी सुधारित घोडी, तार आवळून धरणाऱ्या खुंट्या आणि नीट घासलेला नट एवढ्यावर बहुतेक वादकांचे काम भागते. अशी घोडी मागवण्यापूर्वी स्क्रूंमधील अंतर आणि खालच्या धातूच्या ठोकळ्याची खोली मोजून घ्यावी. स्वस्त गिटारींचे लाकूड पातळ असल्याने पूर्ण लांबीचा ठोकळा पाठीमागून बाहेर डोकावतो. काढलेली मूळ घोडी, तिचे स्क्रू आणि स्प्रिंग मात्र जपून ठेवावेत.