सुलाच्या आधीचं नारायणगाव

जर्सी सिटीतल्या एखाद्या पार्टीत कुणी सुलाची बाटली आणली, की हमखास ऐकू येतं, "भारतात वाईन यांनीच सुरू केली." सुला आपल्या नाशिकची, हे खरं. पण तिची पहिली वाईन बाजारात आली २००० साली. त्याच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावात 'शॅटो इंडाज' उभी केली होती.

पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी प्रसिद्ध. तिथे चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळती वाईन करायचं ठरवलं आणि फ्रान्सच्या पायपर-हाइडसिककडून तांत्रिक मदत घेतली. या पद्धतीत वाईन बाटलीत भरल्यावर पुन्हा आंबवतात. बुडबुडे बाहेरून भरत नाहीत, ते आतच तयार होतात. काम वेळखाऊ आणि खर्चिक. तरीही ही वाईन ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांपर्यंत पोचली.

आता तिची नावं बघा. परदेशात 'ओमर खय्याम', देशात 'मार्कीज द पाँपादूर'. एक फारसी कवी, दुसरी फ्रेंच राजाची प्रेयसी. नारायणगाव कुठेच नाही! भारतीय वाईन कोण विकत घेणार, अशी धास्ती तेव्हा होती. उसन्या नावांनी दार उघडलं, हे नाकारता येत नाही.

२००१मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे वायनरी वाढल्या. इंडाजने ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या कंपन्या विकत घेतल्या, कर्ज वाढलं. मग २००८ची मंदी आली, पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप घसरला. कर्जाखाली कंपनी कोसळली आणि पुढे प्रकरण ती गुंडाळण्यापर्यंत गेलं.

कंपनी गेली आणि नावही गेलं, कारण ते गावाचं नव्हतंच. याउलट 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. उद्या एखादी वायनरी बंद पडली, तरी नाशिकचं नाव राहील.

कॉफीच्या दुकानात पटकन काम व्हावं म्हणून आपणही 'सॅम' नाहीतर 'नील' सांगतो. त्यात चूक काही नाही. फक्त खरं नाव कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं. म्हणून पुढच्या पार्टीत सुला उघडाल, तेव्हा एकदा नारायणगावचंही नाव घ्या.