रोमच्या दिनारियसवरील सम्राज्ञी आणि देवता

'दिनारियस' हे प्राचीन रोमचे चांदीचे प्रमुख नाणे. इ.स.पू. २११ च्या सुमारास ते प्रचारात आले. संस्कृतातील 'दीनार' हा शब्द याच नावावरून आलेला आहे. दक्षिण भारतात, विशेषतः कोईमतूर परिसरात, ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांचे दिनारियस मोठ्या संख्येने सापडले आहेत. टायबेरियसच्या नाण्यावर हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री दिसते. ती त्याची माता लिव्हिया असावी, असे अभ्यासक मानत आले. नाण्यावर मात्र तिचे नाव नाही.

सम्राज्ञीची नावानिशी मुद्रा आणि मागील बाजूस देवता, ही रचना दुसऱ्या शतकात स्थिरावली. देवतेची निवड केवळ शोभेसाठी नसे. राजघराण्याला त्या स्त्रीविषयी जे सांगायचे असे, ते देवतेच्या रूपाने सांगितले जाई. अँटोनायनस पायसची पत्नी फाउस्टिना इ.स. १४० मध्ये निवर्तली. सिनेटने तिला देवत्व दिले आणि 'दिवा फाउस्टिना' या लेखाची नाणी पुढे अनेक वर्षे निघत राहिली. त्यांवर सेरेस, व्हेस्टा आणि चिरंतनत्वाची देवता एटर्निटास दिसतात. तिच्या नावे निराधार मुलींच्या पोषणासाठी सुरू झालेल्या निधीचीही नोंद एका नाण्यावर आहे.

तिची कन्या धाकटी फाउस्टिना ही मार्कस ऑरेलियसची पत्नी. तिच्या नाण्यांवर प्रसूतीची देवता ज्युनो ल्युसिना आणि सुफलतेची फेकुंडिटास वारंवार येतात. एका नाण्यावर तर देवताच नाही. आसनावर दोन तान्ही बाळे आहेत आणि भोवती 'युगाचे सौख्य' अशा अर्थाचा लेख. इ.स. १६१ मध्ये जन्मलेले हे जुळे. त्यांतील एक चौथ्या वर्षीच दगावला. दुसरा कोमोडस, ज्याची राजवट रोमला सौख्याची मुळीच ठरली नाही.

सेप्टिमियस सेव्हरसची पत्नी जुलिया डोम्ना सीरियातील एमेसाच्या पुरोहिताची कन्या. तिच्या नाण्यांवर व्हीनस, सिबेली, इतकेच नव्हे तर बाळ होरसला अंगावर पाजणारी इजिप्तची आयसिसही आढळते. पतीने याच काळात दिनारियसमधील चांदी जवळपास निम्म्यावर आणली. देवता तीच, धातू मात्र हिणकस! पुत्र काराकाल्लाने इ.स. २१५ मध्ये नवे मोठे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकी सूर्यकिरणांचा मुकुट, तर डोम्नाच्या मुद्रेखाली चंद्रकोर आहे. त्याची किंमत दोन दिनारियस होती असे मानले जाते. चांदी मात्र जेमतेम दीड दिनारियसची.