ज्या तेल्यांकडे तेलाचा सण नव्हता

अहमदाबादेतल्या आमच्या सोसायटीत दर डिसेंबरात एक शुभेच्छापत्र निघतं. हिवाळ्यात येणारे सगळ्यांचे सण एकाच कागदावर, म्हणजे कुणाला वगळल्यासारखं वाटायला नको. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. नाताळचा तारा, लोहडीची शेकोटी, उत्तरायणचा पतंग, पोंगलचं मडकं असं सगळं काढलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींसाठी हनुक्काचा दिवा. मावशी बेने इस्रायल, मूळच्या अलिबागकडच्या. लग्नानंतर इथे आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, पण घरात अजून मराठीच बोलतात.

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. म्हणाल्या, "दिवा छान काढलाय हो. आम्ही लावतोही. पण माझ्या पणजीच्या आजीला तुम्ही हा दाखवला असतात, तर तिनं विचारलं असतं, हे काय?"

"मग थंडीतला तुमचा सण कुठला?" मी विचारलं.

"उरूस," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसलो. पुस्तकांत वाचलेलं होतं, पण चित्र काढताना आठवलं नव्हतं. नाताळच्या शेजारी यहुद्यांचं काहीतरी हवं, म्हणून मी जगभर चालणारं एक तयार चिन्ह उचललं होतं. इतकी साधी चूक कशी झाली, याचा विचार करताना त्या समाजाच्या इतिहासाकडे पुन्हा वळलो.

कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, फार पूर्वी या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. हे लोक गावोगाव पांगले, घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले. गावांच्या नावांवरून आडनावं आली: दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरली होती. उरला होता तो शब्बाथ, सुंता, 'शमा' नावाची प्रार्थना, खवल्या-परांचे मासेच खाण्याचा नियम आणि काही सण.

त्या सणांची नावं ऐकण्यासारखी आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरी वस्त्रं नेसून लोक घरात बसत. वल्हांडणाला म्हणायचे अनशी ढाकायचा सण. एरवी घरात कायम असणारं आंबट रसाचं भांडं ते आठ दिवस झाकून ठेवत. खमीर वर्ज्य करण्याची आज्ञा ग्रंथ नसतानाही एका मडक्याच्या झाकणात टिकली! पुरिम हा होळीचा सण झाला, कारण तो होळीच्या आसपासच येतो. मंदिरं उद्ध्वस्त झाल्याचा शोकदिवस बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. याशिवाय काही नावांत आणखी एक थर दिसतो: रमजान, नव्याचा रोजा. भोवतालच्या मुसलमानांचे हे शब्द त्यांनी आपल्या उपासांना दिले.

या सगळ्या यादीत हनुक्का नव्हता.

हनुक्का म्हणजे तेलाचा सण. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास यहुदा मक्काबीच्या लोकांनी ग्रीक राजा चौथा अँटिओकस याच्या सैन्याकडून जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं आणि शुद्ध केलं, त्याची ही आठवण. एक दिवस पुरेल एवढं तेल आठ दिवस जळलं ही कथा मक्काबींच्या जुन्या ग्रंथात नाही, ती पुढे तालमुदात येते. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं सण लहानच. त्या दिवसांत कामधंदा बंद ठेवावा लागत नाही. तो एवढा मोठा दिसतो त्याचं बरंचसं कारण अमेरिकेतला नाताळ. शेजारच्या मुलांना भेटी मिळतात तर आपल्या मुलांना काय, या विचारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो तिथे वाढत गेला. पिढ्यान्‌पिढ्या तेल काढणाऱ्या कोकणी यहुद्यांकडे मात्र तेलाचा हा सण नव्हता, आणि तो नसल्यामुळे त्यांचं काही अडलंही नव्हतं.

या नसण्याचा पहिला गंभीर विचार केला तो हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायलांची शाळा सुरू करणारे हे गृहस्थ. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचा युक्तिवाद असा: आमच्या पूर्वजांना हनुक्का माहीत नव्हता, म्हणजे ते मक्काबींच्या बंडाआधीच मायदेशातून निघाले असले पाहिजेत; म्हणून जहाज फुटलं ते इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास. न लावलेला दिवा त्यांनी पुरावा म्हणून उभा केला.

मला हा युक्तिवाद फार आवडतो आणि तो पटत नाही. हनुक्काची कथा हिब्रू बायबलात नाही, पुरिमची आहे. तेव्हा आठवणीतून काय गळेल आणि काय राहील याला इतरही कारणं असू शकतात. इथिओपियाच्या यहुद्यांकडेही हनुक्का नव्हता. पण किहीमकरांनी हे का लिहिलं ते समजतं. मुंबईत त्या काळी बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी होते आणि त्यांतले अनेकजण या मराठी यहुद्यांना कमअस्सल समजत. तुमच्याकडे नाही ते आमच्या जुनेपणाचं लक्षण आहे, असं सांगणं ही केवळ विद्वत्ता नव्हती, ती इभ्रतीची बाजू होती.

दिवा आला तो हळूहळू. कोचीच्या यहुद्यांनी या विस्मृत भावंडांना ओळखलं आणि शिकवलं, ही आठवण दाविद रहाबी या नावाभोवती गुंफलेली आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मग मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांना हवं होतं धर्मांतर. समाजाला मिळाली आपलीच भाषा. १८८० मध्ये तर बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि बायबलातल्या कथा ओव्या-आर्यांत रंगू लागल्या. या ओघात हनुक्काही घरोघर पोचला. शिकलेला सण म्हणून तो कमी खरा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मावशी आठही दिवस दिवे लावतात आणि मनापासून लावतात.

पण थंडीतला जुना सण वेगळा. शेवाट महिन्याची पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा, आपली पौषी किंवा माघी. जगभरचे यहुदी तिला झाडांचं नववर्ष म्हणतात आणि फळं खातात. बेने इस्रायल तिला म्हणतात एलियाहू हनाबीचा उरूस. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक कातळ आहे. त्यावर एलिया संदेष्ट्याच्या अग्निरथाच्या चाकोऱ्या आणि घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत असं हे लोक मानतात. तिथे नवस बोलतात, नवस फेडतात. एलियाला प्यालाभर द्राक्षरस ठेवण्याची किंवा सुंतेच्या वेळी खुर्ची मांडण्याची चाल सगळ्याच यहुद्यांत आहे; पण लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, परीक्षा पास झाल्यावर त्याचीच आठवण काढणारा समाज मला दुसरा ठाऊक नाही.

विधीचं नाव मलिदा. पोहे भिजवायचे, त्यात खवलेला ओला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, बेदाणे. तबकात त्याची रास, भोवती पाच तऱ्हेची फळं, वर गुलाब आणि सब्जाची पानं. प्रत्येक वस्तूला तिचा तिचा हिब्रू आशीर्वाद: झाडाच्या फळाचा निराळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा निराळा, सुगंधाचा निराळा. मलिदा हा शब्द पिराच्या दर्ग्यातला. पोहे-नारळ कोकणातल्या कुठल्याही घरचे. उरूस म्हणजे मुळात लग्न, सत्पुरुषाचं मरणाच्या दिवशी देवाशी होणारं मीलन. आता एलिया तर मेलाच नाही, ग्रंथाप्रमाणे तो सदेह स्वर्गात गेला! न मेलेल्या संदेष्ट्याचा उरूस भरवण्यात काही विसंगती आहे, हे त्या शेतकरी-तेल्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

दर्ग्यांचे हिजरी तारखांचे उरूस ऋतूंमधून फिरत राहतात. हा मात्र थंडीतच राहतो, कारण हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात, बहुतेक आपल्यासारखेच. त्यामुळे एकाच तालुक्यात आणि आसपास हिवाळा असा जातो: रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत, जिथे अजून पोर्तुगीजमिश्रित बोली चालते, तिथे नाताळ, मग संक्रांतीचा तिळगूळ, मग पौर्णिमेला खंडाळ्याचा उरूस. यांत कुणाचा सण कुणाच्या सणाचं उत्तर नव्हता. माझ्या शुभेच्छापत्रातला दिवा नेमका तसा होता: नाताळाला यहुदी उत्तर.

हा सगळा चित्रकलेचा प्रश्न राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं की, त्यांच्याशी लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करावी. घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेनं दिराशी लग्न करण्याबाबतचे शास्त्रनियम या लोकांनी शतकानुशतकं पाळले होते का, ही शंका. माणसं रस्त्यावर उतरली, आंदोलनं झाली, आणि १९६४ मध्ये धर्मपीठाला फर्मान बदलावं लागलं. किहीमकरांनी जे वेगळेपण जुनेपणाचा दाखला म्हणून मिरवलं, त्याच वेगळेपणावरून त्यांच्या नातवंडांना तुम्ही कोण, असं विचारलं गेलं. आपल्याकडे, महाराष्ट्रात, यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा मिळायला २०१६ साल उजाडलं, तोवर बहुतेक घरं रिकामी झाली होती.

इथिओपियाच्या यहुद्यांचा सिग्द हा त्यांचा स्वतःचा सण. २००८ मध्ये इस्रायलनं त्याला राष्ट्रीय सणाची मान्यता दिली. मलिद्याला कायद्याची गरज पडली नाही. स्थलांतरित बायकांनी पोहे बरोबर नेले, एवढंच. एस्तेर डेव्हिड यांच्या अहमदाबादच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना एलिया संदेष्टा घरातल्या माणसासारखा परिचित असेल.

शुभेच्छापत्राचं काय करायचं ते विचारायला मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. दिवा खोडू का? मावशी म्हणाल्या, "खोडता कशाला? तोही आमचाच. पण एक तबक काढा. पोहे नीट दिसू देत, भातासारखे नकोत." काढायला बसलो तर जमेना, पांढऱ्या राशीत पोहे कुठले आणि खोबरं कुठलं ते कळत नव्हतं. शेवटी एक घोडा काढला, कातळावर टाप टेकलेला. तो पाहून वॉचमननं विचारलं की, हे कुठल्या रामदेव पीरांचं चित्र का. मावशींनी हसून त्याला सगळी गोष्ट सांगितली, गुजरातीत.

उरसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. फळं चारच झाली होती, पाचवं म्हणून खजूर हवा होता. आणि सब्जा मिळाला तर बघा म्हणाल्या. इथे त्याला तकमरिया म्हणतात. बी कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, पण ओली पानं हवी होती. मी दोन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तिसरीत एक कुंडी सापडली.