डेंगळा

डेंगळा म्हणजे कांद्याच्या पातीमधून वर येणारा, आतून पोकळ असलेला फुलांचा दांडा. कांदा पोसण्यापूर्वीच पीक फुलोऱ्यावर आले, की त्यास ‘डेंगळे येणे’ म्हणतात. वेळेवर न काढलेला मुळा, गाजर, मेथी व कोथिंबीर यांनाही असाच फुलोरा येतो. बाजारासाठी तो दोष असला, तरी वनस्पतीच्या दृष्टीने ती बीजधारणेची सुरुवात असते.

कारणे

कांदा ही द्विवर्षायू वनस्पती आहे. पहिल्या हंगामात ती कंदात अन्न साठवते आणि थंडी सोसल्यानंतर फुलते. पुरेशा वाढलेल्या रोपास दीर्घकाळ थंडी लागल्यास पहिल्याच हंगामात डेंगळे येतात. जून रोपांची लागवड, नत्राची कमतरता आणि खरीप हंगामाच्या जाती रब्बीत लावणे यांमुळे हे प्रमाण वाढते. कोथिंबीर मात्र वाढते तापमान व मोठा होत जाणारा दिवस यांमुळे लवकर फुलते.

परिणाम

फुलोरा येताच अन्नद्रव्ये दांड्याकडे वळतात. डेंगळ्याच्या कांद्यात मधोमध कडक दांडा राहतो व साठवणुकीत तो लवकर सडतो. दांडा मोडल्याने हा दोष जात नाही. म्हणून असे कांदे चाळीत न ठेवता लवकर वापरतात. फुललेला मुळा जरठ होतो; पण त्याच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, भाजी करतात. कोथिंबिरीपासून धने मिळतात.

बीजोत्पादन

कांद्याच्या बियाण्यासाठी निवडक कांदे साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावतात. डेंगळ्याच्या टोकाशी लहान पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. फुलातील पराग स्त्रीकेसर पक्व होण्याआधी बाहेर पडत असल्याने परपरागीभवन होते व त्यासाठी मधमाश्या महत्त्वाच्या ठरतात. जातीची शुद्धता टिकावी म्हणून प्रमाणित बियाण्याचा प्लॉट कांद्याच्या इतर जातींपासून ५०० मीटर, तर पायाभूत बियाण्याचा १,००० मीटर दूर ठेवतात. साध्या साठवणुकीत कांद्याचे बी सुमारे वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते.

आपोआप लवकर फुललेल्या झाडाचे बी सहज हाती येते. परंतु लवकर फुलण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असल्याने ती पुढील पिकातही उतरू शकते. त्यामुळे कांद्याच्या बियाण्यासाठी पहिल्या हंगामात डेंगळा न आलेले कंद निवडतात, तर पालेभाज्यांत उशिरा फुलणारी झाडे राखतात.