अंगणातली शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती किंवा लोकरीचा नमुना लिहून द्यायला सांगितला असता तर गोष्ट निराळी. परंतु आपली बालवाडी पुढे चालवावी की यंदापासून बंद करावी, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेपुढे आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात बरेच दिवस काही साचलेले आहे. ते सांगायचे तर आधी बालवाडीचा इतिहास सांगितला पाहिजे. तो आपल्याच महाराष्ट्रातला आणि बायकांनीच घडवलेला आहे, म्हणून आपणा भगिनींना आवडेल अशी आशा आहे.

लहान मुलांना छडी न दाखवता, त्यांच्या हातात वस्तू देऊन शिकवावे, हा विचार आपल्याकडे आला तो इटलीतून. मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी सन १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेंझो नावाच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. ही वस्ती गरीब मजुरांची होती. आईबाप कामावर गेल्यावर मुले मोकाट फिरत, त्यांच्यासाठी ती सोय होती. हल्ली माँटेसरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगीत इमारत आणि भारी फी येते. मूळ मात्र गरिबाच्या दारातले आहे, हे आपण विसरतो.

हिंदुस्थानात हा विचार रुजवणाऱ्यांत गुजरातेतील भावनगरचे गिजुभाई बधेका यांचे नाव फार मोठे. हे गृहस्थ मूळचे वकील. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत मुलांत रमले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांची इतकी माया, की लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणू लागले. या बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई कामाला आल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, सन १८९२ मधला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या मुख्य होत्या. अशी मानाची जागा सोडून त्या भावनगरला तीन-चार वर्षांच्या मुलांत जमिनीवर बसायला गेल्या. तेथे सुमारे नऊ वर्षे काम करून त्या मुंबईस परत आल्या आणि १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढला. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक मराठीतून चालवून त्यांनी आईबापांचेही शिक्षण केले. शिशुविहाराचे नाव झाले. तेथे थांबल्या असत्या तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

पण शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांचेच बालपण फुलवायचे का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. महात्माजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला होता. हातांनी काम करीत, आपल्या भोवतालच्या जीवनातून शिकावे, असे ते सांगत होते. आपली खरी मुले खेड्यांत आहेत, तेव्हा बालशिक्षण खेड्यात गेले पाहिजे, असे ताराबाईंनी ठरवले, आणि १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. डहाणू तालुक्यातील हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ सालापासून तो भाग पालघर जिल्ह्यात आला. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्यांच्या सोबतीला ज्या आल्या त्या अनुताई वाघ. अनुताईंची कहाणी वाचताना माझे डोळे भरून आले. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच जायचे. पण त्या शिकल्या, मास्तरीणबाई झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या आणि दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेत बसून मॅट्रिक झाल्या. पस्तिसाव्या वर्षी पुण्याची नोकरी मागे ठेवून त्या बोर्डीला आल्या त्या त्या मुलखाच्याच होऊन राहिल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली खरी, पण मुले येईनात. विशेषतः ज्यांच्यासाठी ती काढली त्या गरिबांच्या आणि हरिजन वस्तीतल्या मुलांची वाट पाहूनही ती येत नसत. आता यावर उपाय काय? दुसऱ्या कोणी म्हटले असते, ‘आम्ही सोय केली, त्यांनाच शिक्षणाची गोडी नाही.’ या दोघींनी तसे म्हटले नाही. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका पिशवीत सामान घेऊन वस्तीत जात, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेत, मुलांना गोळा करून त्यांची तोंडे धूत, नखे काढीत, केस विंचरून देत, आंघोळीही घालीत. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ती ‘अंगणवाडी’. आज आपण जो शब्द उठता-बसता वापरतो तो अशा रीतीने जन्माला आला.

माँटेसरीबाईंची साधने महागडी, परदेशी घडणीची. ती खेड्यात कोठून आणणार? तेव्हा या बायकांनी भोवतालच्या वस्तूंना साधने केले. शंखशिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने, फुले, माती, बांबू. मोजायला खडे, रंग ओळखायला पाने-फुले, लहानमोठे समजायला शिंपले. ज्या वस्तू मुलाच्या रोजच्या हाताखालच्या, त्यांतूनच अंकगणित. आपल्या घरात डाळ-तांदूळ निवडताना मुले जवळ बसतात आणि दाणे वेगळे करतात, तेही शिक्षणच आहे, हे मला तेव्हा समजले.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. त्या मुलखाची स्थिती आपण जाणून घेतली पाहिजे. जमिनी सावकार-जमीनदारांच्या, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको मालकाच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ सालीच गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा उठाव केला. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी ती हकिकत लिहिली आहे. एकाच साली, एकाच तालुक्यात, एक मराठी बाई मोठ्या माणसांना उठून उभे राहायला सांगत होती आणि दुसऱ्या दोघी त्यांच्या मुलांची नखे काढून देत होत्या. दोन्ही कामे माणूस जागा करण्याचीच, असे मला वाटते.

कोसबादला नवी अडचण उभी राहिली. सहा-सात वर्षांचे पोर झाले की ते गुरे राखायला जाई. शाळेची घंटा आणि गुरे सोडायची वेळ एकच. तेव्हा शाळा गुरांच्या मागे निघाली. शिक्षक कुरणात जात आणि झाडाखाली वर्ग भरे. या शाळेला नाव पडले ‘कुरणशाळा’. गुरे मोजता मोजता आकडे, रानातली झाडे-पाखरे ओळखता ओळखता निसर्गाचे पाठ.

आणि तिसरी अडचण मुलींची. घरचे लहान मूल मुलीच्या कडेवर. ती शाळेत आली तर ते मूल कोणाकडे? म्हणून तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच आवारात आणली. त्या रचनेला ‘विकासवाडी’ म्हणतात. मुलीने यावे, कडेवरचे मूल पाळणाघरात द्यावे, मधले बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. पाहा, किती साधी गोष्ट! पण ती सुचायला त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे लागते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले आणि १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी काम पुढे चालवले. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशात अशा अंगणवाड्या १३-१४ लाखांच्या घरात आहेत. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या निवर्तल्या.

आता हा इतिहास मी का सांगितला ते सांगते.

अनुताई गेल्या त्याच सुमारास मी सातवीत होते. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा तालुक्याला. माझ्या पाठीवर तीन भावंडे. आई लावणीला गेली की धाकटे माझ्या कडेवर. परीक्षेच्या दिवसांतही मी त्याला झोक्यात घालून पायाने झोका देत पाढे म्हणत असे. सातवी पास झाले आणि शाळा सुटली. मला कोणी मारून-मुटकून घरी बसवले नाही. सगळे इतके ठरल्यासारखे होते, की कोणी काही विचारलेच नाही, आणि मीही नाही.

आपल्या बालवाडीत मी मदतनीस म्हणून जाते, हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या बांधकामावरील एका मजूर कुटुंबातली मुलगी आपल्या चार वर्षांच्या भावाला रोज सोडायला येऊ लागली. असेल नऊ-दहा वर्षांची. कडेवर आणखी एक, वर्षाचे. भावाला सोडले तरी ती जात नसे, खिडकीपाशी उभी राहून आत पाहत असे. आम्ही गाणे म्हटले की तिचेही ओठ हलत. एके दिवशी तिचे बाळ रडू लागले, वर्गात गोंधळ झाला, आणि मी बाहेर जाऊन तिला म्हटले, ‘अगं, तीन वर्षांखालच्या मुलांना येथे घेत नाहीत. बाळाला घरी घेऊन जा. मुलांचे लक्ष जाते.’ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही आणि तिचा भाऊही आला नाही.

नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. पुढे काही आठवड्यांनी मंडळाच्या कपाटातले अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र माझ्या हाती आले. ते वाचून झाल्यावर त्यांच्या कामाविषयी मिळेल ते वाचू लागले. विकासवाडीची माहिती वाचली आणि पुस्तक मिटून बसले. मुलांच्या घोळक्याबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलीत मी मलाच पाहायला हवे होते, आणि मीच तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या बांधकामावर गेले. काम संपून ती माणसे दुसरीकडे गेली होती. कोठे, ते कोणाला सांगता आले नाही.

असो. आपल्या बालवाडीत पूर्वी वीस-बावीस मुले असत, यंदा नऊ आहेत. इंग्रजी नर्सरीचे बोर्ड लागले, तिकडे मुले गेली. त्या आईबापांना मी दोष देत नाही. माझीही मुले इंग्रजी शाळेतच शिकली. सभेत काही भगिनी म्हणतील, की आता आपली गरज राहिली नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ज्यांना दुसरी सोय आहे, त्यांना आपली गरज नाही. पण ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी आपण दार उघडले आहे का? सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभरणीचे मानले आहे. कागदावर सारे आहे. पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीला आत बोलावण्याचे काम कायदा करीत नाही. ते जवळ असणाऱ्या माणसालाच करावे लागते.

म्हणून सभेपुढे माझी विनंती एवढीच आहे. बालवाडी बंद करू नये, आणि तिची वेळ व नियम बदलावेत. मजुरांच्या कामाची वेळ सकाळी आठची, आपली बालवाडी दहाला उघडते, तेव्हा ती आठला उघडावी. आठवड्यातून दोन दिवस आपण दोघी-तिघींनी खडे-चिंचोक्यांची पिशवी घेऊन बांधकामावरच जावे. साडीचा झोका बांधायला दोन खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे कडेवरचे मूल निजेल आणि बहिणीचे हात मोकळे होतील. नऊ-दहा वर्षांच्या मुलींचे नाव जवळच्या शाळेत घालायला आपल्यापैकी कोणीतरी सोबत जावे. खर्च फारसा नाही. माझ्याकडे दोन जुन्या सुती साड्या धुऊन ठेवलेल्या आहेत, त्या मी देते. सकाळी आठची पाळीही मी घेते. आणखी चारजणी मिळाल्या तर आठवडा निभावेल.

लिहिण्यात काही चुकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. सभेला सर्वांनी अवश्य यावे.