कोल्हापूरचे एक घर आणि ख्रिस्तैक्याची वाट

करवीरनगरीचा इतिहास लिहिणाऱ्याला विषयांचा तोटा नाही. अंबाबाईचे देवालय, रंकाळा, पंचगंगेचा घाट, छत्रपतींची गादी, राजर्षी शाहू महाराजांचे कार्य, तालमी आणि कुस्त्यांची मैदाने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. याच शहरात वायल्डर मेमोरियल चर्च नावाचे एक ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्यावरून दररोज शेकडो माणसे जातात. पण हे वायल्डर कोण, असा प्रश्न फारच थोड्यांना पडत असेल. आपल्या कॅथलिक कुटुंबांना तर तो पडतच नाही. ते मंदिर आपले नव्हे, एवढीच माहिती आपण पुरेशी मानत आलो. गुरुविद्यालयात ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आम्हालाही रोम भेटले, त्रेन्त भेटले, गोवा भेटले. कोल्हापूर मात्र भेटले नाही.

आणि तरीही, दरवर्षी 18 ते 25 जानेवारी या आठवड्यात आपण ज्या ख्रिस्तैक्यासाठी प्रार्थना करतो, त्या ऐक्याच्या वाटचालीची एक पायवाट कोल्हापुरातील एका घराच्या उंबरठ्यावरून गेलेली आहे. त्या घराची ही कथा आहे.

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात 1816 साली झाला. मिडलबरी कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले व पुढे अँडोव्हर येथे धर्मविद्येचा अभ्यास पूर्ण केला. 1846 साली एलायझा जेन स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी हे नवे जोडपे हिंदुस्थानला निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो 1869 मध्ये खुला झाला. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून यायचे, तर चार-चार महिने पाण्यावर काढावे लागत. घरी लिहिलेल्या पत्राचे उत्तर यायला वर्षही उलटे. घर सोडणे म्हणजे त्या काळी खरोखरच सोडणे असे.

त्यांची पहिली नेमणूक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, झाली. अमेरिकन मराठी मिशनने तेथे 1831 पासून पाय रोवले होते. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा तेथेच होती. महात्मा जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात वायल्डर दांपत्याची उमेदवारीची वर्षे गेली. मुलामुलींच्या शाळांची देखरेख वायल्डरांकडे होती. शाळा म्हणजे समाजाच्या अंतःकरणात शिरण्याचा दरवाजा, ही त्यांची श्रद्धा तेथेच पक्की झाली.

1852 साली ते कोल्हापुरास आले. त्या वेळी आपल्या देशात आगगाडी धावू लागली नव्हती. मुंबई–ठाणे मार्गावरची पहिली गाडी 1853 ची आहे, आणि कोल्हापूरला रेल्वे पोहोचायला तर 1891 साल उजाडावे लागले. बैलगाडी, घोडा, नाही तर पाय, एवढीच वाहने. संस्थानच्या राजधानीत एक परका मनुष्य बायकोसह येऊन राहतो, बाजारात उभा राहून आपल्या धर्माचे बोलतो, मुलांना जातपात न पाहता एका बाकावर बसवू पाहतो, हे गावाला सहजासहजी रुचणारे नव्हतेच.

त्या काळच्या मराठी मुलखातील मिशनरींचा दिनक्रम आज कोणाला फारसा मोहक वाटणार नाही. पहाटे प्रार्थना व बायबलवाचन. ऊन चढण्यापूर्वी बाजारात, वेशीपाशी अथवा नदीच्या वाटेवर प्रवचन. कधी शंभर माणसे जमत, कधी चार पोरे आणि एखादा थट्टेखोर. मग शाळांची तपासणी. दुपारी शास्त्रीबुवांपाशी भाषेचा अभ्यास. मराठी शिकणे म्हणजे तिप्पट काम होते: छापील पुस्तकांची बाळबोध, पत्रव्यवहाराची मोडी, आणि बाजारात ऐकू येणारी, कोणत्याही व्याकरणात न सापडणारी बोली. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला होता, हा मोठाच आधार. पण कोशातून शब्द मिळतात, माणसे मिळत नाहीत. पावसाळ्यात कोल्हापूरचा पाऊस आणि पंचगंगेचा पूर पायात बेड्या घालत. हिवाळा आला की तंबू, पुस्तकांची पेटी व शिधा बैलगाडीत घालून खेडोपाडी फिरती सुरू होई.

वायल्डरांच्या चरित्रनोंदीत काही आकडे दिलेले आहेत. सुमारे 30 वर्षांच्या सेवेत त्यांनी 3,000 हून अधिक शहरे व खेडी येथे प्रवचने केली. त्यांच्या शाळांतून 3,300 विद्यार्थी शिकले, त्यांपैकी 300 मुली होत्या. मराठी बायबलच्या भाषांतर समितीवर त्यांनी काम केले. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. 30 वर्षांत 3,000 गावे म्हणजे वर्षाला शंभर. चार दिवसांआड एक नवे गाव, नवी वेस, नवे अविश्वासाचे डोळे. आणि 3,300 मध्ये मुली केवळ 300, म्हणजे अकरांत एक. ती एक मुलगी शाळेत यावी म्हणून किती दारांत किती वेळा उभे राहावे लागले असेल, याची नोंद कोणत्याही अहवालात नसते. मुलींना आणण्याचे काम त्या काळी बहुधा मिशनरींच्या पत्नीकडे असे. पुरुषांना ज्या माजघरात प्रवेश नव्हता, तेथे त्या जाऊन बसत. म्हणून ‘वायल्डर’ हे नाव उच्चारताना एलायझाबाईंना वगळून चालणार नाही.

खरी कसोटी मात्र बाहेरच्यांकडून आली नाही. ती आपल्याच माणसांकडून आली. 1854–55 मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीवर आले. मिशनचा पैसा व वेळ शाळांत न गुंतवता प्रवचन व स्थानिक मंडळ्या उभारण्याकडे वळवावा, इंग्रजी शाळा आवराव्यात, असे त्यांचे धोरण होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. स्थानिक ख्रिस्ती मंडळी लवकर स्वतःच्या पायांवर उभी राहावी, ही त्यामागची दृष्टी दूरची होती. पण वायल्डरांना ते पटले नाही. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी गेले असता मतभेद विकोपाला जाऊन बोर्डाशी त्यांचे नाते तुटले आणि बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडून दिले.

अशा वेळी मनुष्याने काय करावे? वय पंचेचाळिशीच्या घरात, शरीर थकलेले, पाठीशी संस्था नाही, पगार नाही. मायदेशी एखादी मंडळी सांभाळून सुखाने राहता आले असते. 1861 साली वायल्डर पतिपत्नी पुन्हा कोल्हापुरात आले. पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी स्नेह्यांच्या देणग्यांवर स्वतंत्रपणे काम चालवले. 1870 च्या सुमारास अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाने ते आपल्याकडे घेतले, आणि 1875 मध्ये, प्रकृतीने पुरते हात टेकल्यावर, वायल्डरांनी कोल्हापूरचा निरोप घेतला. पाठवणारे मागे हटले, पण गेलेला मागे हटला नाही. पहिल्यांदा कोल्हापूरला ते आले ते नेमणुकीने. दुसऱ्यांदा आले ते प्रेमाने. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे मर्म या दुसऱ्या येण्यात आहे.

या घरात 2 ऑगस्ट 1863 रोजी रॉबर्ट या मुलाचा जन्म झाला. कोल्हापुरातच तो वाढला. त्याची थोरली बहीण ग्रेस. आईवडिलांचे कष्ट, संस्थेने सोडल्यावरची ओढाताण, पैशाची वानवा हे सारे या मुलांनी पाहिले होते. त्यांनी मिशनच्या नावाने कायमचा कान पकडला असता, तर कोणी दोष दिला नसता. घडले उलटेच.

अमेरिकेत गेल्यावर रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकू लागला. 1883 साली त्याने व त्याच्या मित्रांनी तेथे परदेशी सेवेला वाहून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक लहानसा संघ काढला. वायल्डरांच्याच घरी हे तरुण प्रार्थनेला जमत आणि ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करी. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. 251 विद्यार्थी आले होते. रॉबर्टने मिशनचा विषय लावून धरला आणि शिबिर संपेपर्यंत त्यांतील 100 जणांनी परदेशी सेवेची तयारी दर्शवली. पुढच्या वर्षी रॉबर्ट आपल्या एका सहकाऱ्यासह कॉलेजांमागून कॉलेजे फिरला. ही वणवण चालू असतानाच वडील अंथरुणाला खिळले होते. पण आपल्यासाठी काम थांबवू नकोस, असेच त्यांनी मुलाला सांगितले. 1887 च्या ऑक्टोबरात रॉयल वायल्डर प्रभुघरी गेले. 1888 मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ रीतसर स्थापन झाली. पुढील काही दशकांत या चळवळीतून 20,000 हून अधिक तरुण-तरुणी जगभर सेवेसाठी गेल्या. रॉबर्ट स्वतः 1890 च्या दशकात हिंदुस्थानात परतून विद्यार्थ्यांमध्ये काम करीत राहिला. 1938 साली ओस्लो येथे त्याचे निधन झाले. आणि ग्रेस? ती विधवा आईला घेऊन कोल्हापूरच्या मुलखात परत आली आणि येथल्या खेड्यांतील स्त्रियांमध्ये राहिली. इतिहासात नाव भावाचे झाले. पण कोल्हापूरला माणूस मिळाला तो बहिणीच्या रूपाने.

माउंट हर्मनच्या त्या शंभरांत जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी होता. याच मॉट यांच्या अध्यक्षतेखाली 1910 साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. निरनिराळ्या पंथांचे मिशनरी एकत्र बसले आणि एक जुनी खंत उघड झाली: आपण ख्रिस्ताबरोबर आपली भांडणेही या देशांत घेऊन आलो आहोत. कोल्हापूरचेच पाहा. वायल्डरांच्या अखेरच्या वर्षांत अँग्लिकन मिशनही येथे आले होते. ख्रिस्त कोण हे ज्या गावाला पुरते उमगले नव्हते, त्या गावाला अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन यांतला भेद समजावून घेण्याची पाळी आली. त्याच परिषदेत आपले देशबांधव अझरया यांनी मिशनरींना एक खडे सत्य सुनावले: तुम्ही पुष्कळ दिले, त्याग केला, आता आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. कंपाउंडच्या भिंतीआडून केलेल्या परोपकाराला दिलेले हे उत्तर होते.

एडिंबरोला कॅथलिक प्रतिनिधी नव्हते. मात्र क्रेमोनाचे महागुरू बोनोमेली यांनी पाठवलेले सदिच्छापत्र तेथे वाचले गेले. पुढे 1928 मध्ये पोप अकरावे पायस यांनी अशा ऐक्य-परिषदांत भाग घेण्यास कॅथलिकांना मनाई केली. 1961 साली नवी दिल्लीत चर्चेसच्या जागतिक परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा रोमने प्रथमच अधिकृत निरीक्षक पाठवले; आणि 21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तैक्यावरील आपला आदेश प्रसिद्ध केला. कोल्हापूर, माउंट हर्मन, एडिंबरो, नवी दिल्ली, रोम. वाट लांबची आहे. पण तुटलेली नाही.

वायल्डर पितापुत्रांचे सारेच आपल्याला मान्य व्हावे, असे मी म्हणत नाही. ‘याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता’ या त्या चळवळीच्या घोषणेत तारुण्याची आग होती, तशी घाईही होती. दुसऱ्याच्या धर्मातील सत्य व पावित्र्य यांविषयी आज ख्रिस्तसभा ज्या आदराने बोलते, तो आदर त्या पिढीत क्वचितच आढळे. हा दोष केवळ त्यांचा नव्हे. आपल्याही इतिहासाची पाने चाळली तर तो सापडेल. परंतु आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सही होऊन गेले. तेही तिशीत, 1579 मध्ये, इंग्लंडहून गोव्याला आले, येथली भाषा शिकले, 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले आणि 1619 मध्ये याच भूमीत विसावले. स्टीफन्स आणि वायल्डर हयातीत भेटते, तर कदाचित एका मंदिरात प्रार्थना करू शकले नसते. पण मराठी शिकताना दोघांची जीभ ‘ळ’ वर सारखीच अडखळली असेल.

आज काळ पालटला आहे. परदेशी मिशनरी आपल्याकडे येत होते. आता आपल्या मराठी घरांतून धर्मगुरू व धर्मभगिनी आफ्रिकेत, युरोपात सेवेला जातात. तेथल्या भाषेपुढे लहान मूल होऊन बसणे, न मानवणारे अन्न, अंगणात जमलेली चार पोरे, आणि घरचा सण आठवून जड होणारी संध्याकाळ, हे सारे आता आपल्या लेकरांच्या वाट्याला आले आहे. सुट्टीवर आलेल्या अशा मुलाला वा मुलीला आपण हार घालतो, फोटो काढतो. त्यांना एकदा जवळ बसवून विचारावे: बाळा, तुझा दिवस कसा जातो? कोण तुझ्याशी बोलते? त्या उत्तरात खरे मिशन ऐकू येईल.

आणि कधी कोल्हापूरला आलात, तर वायल्डर मेमोरियल चर्चपाशी क्षणभर थांबा. मंदिर आपले नाही, असे म्हणून पुढे जाऊ नका. ज्यांनी या गावावर प्रेम केले, आणि सोडून जाण्याची सबब हाती असतानाही जे परत आले, त्यांच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ तेथे सहज म्हणता येईल. ती प्रार्थना त्यांचीही आहे आणि आपलीही.